आतली कडी

हिमायतनगरहून आलेल्या एका पत्राला मी दिवाळीपासून उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र मोठं नव्हतं. एकाच बाजूला लिहिलेला कागद, अक्षर गोल आणि सरळ, शाळेतल्या बाईंचं असावं तसं. तरी ते मी इतक्या वेळा उघडलं होतं की घडीवर कागद विरत आला होता. दर वेळी वाटायचं, आज लिहू. मग वाटायचं, मी कोण लिहिणारा?

पत्र असं होतं:

‘आदरणीय सर, तुमचं पुस्तक मला आमच्या शाळेच्या कपाटात मिळालं. त्यात तुम्ही लिहिलं आहे, “कोठीच्या दाराला आतून कडी नसते. धान्याबरोबर स्वतःला कोंडून घेणारा माणूस अजून जन्मायचा आहे.” माझी आई अंबिका ही तुमच्या पुस्तकातल्या थोरल्या वाड्याची धाकटी सून. मी तीन वर्षांची असताना ती त्या वाड्याच्या कोठीत वारली. ज्वारीला कीड लागू नये म्हणून कोठीत औषध ठेवलं होतं. आई आपणहून आत गेली आणि तिने कडी लावून घेतली, दार फोडावं लागलं, असं मला सांगण्यात आलं. नंतर मी इथे मामांकडे वाढले. सर, मला एवढंच विचारायचं आहे. त्या वाड्याच्या कोठीलाही आतून कडी नव्हती का? ते दार तुम्ही स्वतः पाहिलं होतं का? आपली, रेणुका.’

मी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. भूकंपानंतर आमच्या भागातले लोक दगडी घरांना घाबरू लागले. जे वाडे पडले नव्हते तेही पाडायला काढले. मला घरं बांधता येत नाहीत, पाडणाऱ्याला थांबवताही येत नाही, म्हणून मी ती मोजायला निघालो. रविवारी टेप, बॅटरी आणि भाकरी घेऊन एसटीत बसायचो. लोक हसायचे. त्यातून एक पुस्तक झालं. ते फारसं कुणी वाचलं नाही, आणि त्याबद्दल मला मनातून बरंच वाटत असे, कारण वाचलं असतं तर चुका निघाल्या असत्या.

त्या पुस्तकातलं मला स्वतःला आवडलेलं वाक्य कोणतं म्हणाल, तर रेणुकाबाईंनी उचललेलं हेच. ‘अजून जन्मायचा आहे.’ लिहिताना मी खूश झालो होतो. रुक्ष मोजमापांत जरा गंमत, असं वाटलं होतं.

थोरला वाडा रेणापूरच्या पलीकडे, टेकाडावर आहे. तो बाहेरून आत वाचत जावा लागतो. दिंडी दरवाजातून वाकून शिरलं की ढेलज, म्हणजे पहारेकऱ्यांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची जागा. मग पुरुषांचा चौक. चारी बाजूंनी सोपे, म्हणजे ओसऱ्या, सागवानी खांब, कोपऱ्यात वर माळवदावर जाणारा जिना. त्या मातीच्या सपाट छतावर उन्हाळ्यात पुरुष झोपायचे. मग एक आडवी भिंत, तिच्यात एकच दार आणि दारासमोर आडोशाची दुसरी भिंत, नजर थेट आत जाऊ नये म्हणून. पलीकडे बायकांचा चौक, स्वयंपाकघर, माजघर. आणि माजघराच्या पोटात कोठी. हातभर उंच उंबरा, उंदीर शिरू नये म्हणून. खिडकी नाही. छताला एक भोक ठेवलेलं, त्याला साणं म्हणतात. पोती वर माळवदावर न्यायची आणि साण्यातून धान्य खाली ओतायचं. म्हणजे भरायचं पुरुषांनी वरून आणि काढायचं बायकांनी खालून. दोघांची गाठ पडायचं कारण नाही. त्या वेळी मला ही योजना फार हुशारीची वाटली होती. तसं लिहिलंही होतं.

पण दार? मी आठवून पाहिलं. मी आत गेलो होतो, बॅटरीच्या उजेडात भिंतीची जाडी मोजली होती. दाराच्या दोन्ही फळ्या आत ढकलून भिंतीला टेकवलेल्या होत्या. आणि दार असं उघडं असलं की फळीची आतली बाजू भिंतीकडे जाते. ती मला दिसलीच नसणार. ते वाक्य मी दुसऱ्या वाड्यांवरून लिहिलं असणार. आणि आता त्या वाक्यावर कुणाच्या आईचं मरण येऊन उभं होतं.

‘नक्की आठवत नाही’ असं लिहिणं खरं झालं असतं. तेवढंही मी लिहिलं नाही.

पत्र माझ्या वाचायच्या पुस्तकात खुणेसारखं असायचं. चैत्रात ते आरतीच्या हाती लागलं. आरती माझी सून, नांदेडची. बँकेत नोकरी करते आणि तोंडावर बोलते.

“बाबा, हे कधीचं हाय?”

“झाले काही महिने.”

“आणि तुम्ही काय करून राहिले? पुस्तकात खुणेला ठेवून राहिले?”

“अगं, मी पाहिलं नाही ते दार. काय लिहू? समजा, कडी नव्हती. मग कुणीतरी बाहेरून लावली, असं होतं. ते कळून तिला बरं वाटेल का? आईने आपणहून केलं हे निदान...”

“निदान काय?”

मी पत्र परत घ्यायला हात पुढे केला.

“बाबा, तिनं तुम्हाला बरं वाटायचं औषध मागितलं नाही,” आरती म्हणाली. “कडी विचारलीय. हाय का न्हाई. जाऊन बघून या. वाडा कुठं पळून गेला का?”

वाडा पळून गेला नव्हता, उलट त्याचंच बोलावणं येऊन पडलं होतं. राजशेखर, आताचा मालक, अंबिकाबाईंच्या थोरल्या दिराचा मुलगा, वर्षभर मला फोन करत होता. त्याने वाडा दुरुस्त करून लग्नाचं कार्यालय केलं होतं. माझ्या पुस्तकातला नकाशा मोठा करून ढेलजेत लावला होता. त्याला माझं पुस्तक पुन्हा छापायचं होतं, रंगीत फोटो टाकून, त्याच्या खर्चाने. “सर, जाड कागद. बाहेरच्या पावण्यांना द्यायला. तुमचं नाव मोठ्या अक्षरात.” मी दर वेळी बघू म्हणत होतो. खोटं कशाला सांगू, मला ते हवं होतं. माझ्या पुस्तकाची माझ्याकडे एकच प्रत उरली आहे आणि तिची पानं सुटली आहेत.

वैशाखात मी गेलो. रेणापूरच्या स्टँडवर त्याची जीप आली होती. वाड्यावर कुणाची तरी हळद होती. दिंडी दरवाजा फुलांनी मढवलेला, ढेलजेत स्पीकरच्या भिंती. नकाशा खरंच लावला होता, काचेत. त्याच्यापुढे दोन मुली स्वतःचे फोटो काढत होत्या.

राजशेखर पन्नाशीचा, गोरा, पोट सुटलेला, हसरा माणूस. तो माझ्या पाया पडला. मला फार अवघडल्यासारखं झालं.

“या सर! तुमच्या नकाशावरच उभा केला बगा सारा वाडा. इंजिनेरला म्हणलं, सरांनी लिवलंय त्याच्या भाईर एक वीट लावायची न्हाई.”

तो मला फिरवू लागला. काम चांगलं केलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. खांब खरवडून तेल दिलं होतं, चुन्याचा गिलावा होता. आडोशाची भिंत मात्र काढली होती, कारण पंगतीला वाढप्यांची अडचण व्हायची. त्यामुळे पुरुषांच्या चौकातून थेट आतलं माजघर दिसत होतं. ते दिसू नये म्हणून कुणीतरी एवढी जाड भिंत घातली होती आणि आता तिथून कोल्ड्रिंकचा ट्रे जात होता.

माजघरात कोठीच्या तोंडाला नवं पांढरं दार होतं. त्यावर पाटी होती: ‘वधूची खोली’.

“एसी हाय, आरसा हाय, चारी बाजूंनी लाईट,” राजशेखर म्हणाला. “वरचं साणं हुतं ना, तिथं एसीचा पाइप काढला. आत नवरी बसलीय, न्हाईतर दाखवलं असतं.”

आतून हसण्याचा आवाज आला आणि कडी सरकवल्याचा. नव्या दाराला आतून कडी होती.

“जुनं दार?” मी विचारलं.

“टाकीन व्हय? त्याच्यावरच तर आपुन जेवनार हाय!”

पुरुषांच्या चौकातल्या सोप्यात मोठं टेबल होतं. कोठीच्या दोन्ही फळ्या शेजारी शेजारी जोडून, खाली लोखंडी पाय लावून, वर काच घातली होती. काचेला भोक पाडून दाराची साखळी-कडी वर काढून ठेवली होती, शोभेला. मी पाहत असतानाच एका पाहुण्याने ती खळकन वाजवून पाहिली.

“सगळ्यांचा हात जातोच,” राजशेखर खुशीत म्हणाला.

आम्ही जेवायला बसलो. वैजनाथ नावाचा वाढपी होता, टॉवेल खांद्यावर, तोंड चालू. “काका, शिरा घ्या. शिरा न घेता उठलं तर नवरीची मंडळी नाराज होतील. मग त्यांना मी काय सांगू, लेखक डायबेटिसवाले हाईत म्हणून?” आजूबाजूचे हसले. मी शिरा घेतला.

काचेखाली फळीची बाहेरची बाजू होती. पॉलिश चकचकीत, पितळी फुल्या. आतली बाजू खाली, माझ्या गुडघ्यांवर. मी हात खाली घालून चाचपलं, पण बसल्या जागेवरून पोचत नव्हतं. सगळ्यांदेखत काही करणं मला जमत नाही. कॉलेजात निरोप समारंभात मी भाषण न करता खाली बसलो होतो. पण आता उठून गेलो तर आरतीला काय सांगणार होतो?

मी चमचा पाडला.

“राहू द्या ओ काका, दुसरा देतो,” वैजनाथ म्हणाला.

“नको, मीच घेतो.”

“लेखकाला एक चमचा देणं जड न्हाई व्हायचं आमाला!”

तोवर मी टेबलाखाली होतो. गुडघे दुखत होते. मोबाइलची बॅटरी लावली आणि वर पाहिलं.

खालच्या बाजूला पॉलिश नव्हतं. कशाला करतील? कोण बघणार होतं? लाकूड जसं निघालं तसंच होतं, काळपट, रेषांत जुनी धूळ बसलेली, वरच्या अंगाला धुराचा थर. मी एका फळीवर तळहात टेकवून वरून खालपर्यंत नेला, मग दुसऱ्या फळीवर. कडी नव्हती. कडीचं भोक नव्हतं. खिळ्याचं भोक नव्हतं, ठिगळ नव्हतं. आडणा, म्हणजे दाराला आडवं घालायचं लाकूड, अडकवायला खाच नव्हती. धुराचा थर कुठे तुटलेला नव्हता. बाहेरच्या साखळीच्या खिळ्यांची टोकं तेवढी आत येऊन वाकवलेली होती. आणि फळ्या अखंड होत्या. एकीलाही चीर नाही, कोपऱ्यांवरच्या ज्या लाकडी खुंट्यांवर दार फिरतं त्याही शाबूत. हे दार कधी कुणी फोडलेलं नव्हतं.

राजशेखरचे बूट जवळ आले. मग तो स्वतः खाली बसला. टेबलाखाली दोन म्हातारपणाकडे झुकलेली माणसं, बाहेर स्पीकरचा दणदणाट.

“सर, काय हुडकताय?”

मला खोटं सुचलं नाही. “कडी,” मी म्हणालो.

“वर हाय की.”

“आतली.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, पण पूर्ण नाही.

“हुती,” तो म्हणाला. “सुतारानं काढली. भोकं बुजवली.”

“राजशेखर, ही बाजू कुणी पाहत नाही म्हणून तुम्ही पॉलिशसुद्धा केलं नाही. मग भोकं कशाला बुजवाल?”

हे वाक्य मी बोललो यावर माझाच विश्वास बसला नाही.

तो उठला. मला हाताला धरून उठवलं, गुडघे झटकले, आणि वैजनाथला म्हणाला, “सरांना चक्कर आलीय, वर हवेला नेतो.” कोपऱ्यातल्या जिन्याने आम्ही माळवदावर गेलो. तिथे ऊन उतरत होतं. साण्याच्या जागी एसीचं मशीन घरघरत होतं.

“रेणुकाचं पत्र आलं का तुमाला?” त्याने विचारलं.

“आलं.”

“मलाबी आलतं. मी न्हाई उत्तर दिलं.” मग म्हणाला, “तुमी दिलं?”

“नाही.”

“मग झालं तर.”

ते ‘मग झालं तर’ मला फार लागलं. एकाच बाईच्या पत्राला दोन माणसांनी उत्तर दिलं नव्हतं आणि त्यातला एक मी होतो.

“मी दहा वर्षांचा हुतो सर,” राजशेखर मशीनकडे पाहत म्हणाला. “जे कानावर आलं ते सांगतो. काकी माहेरी जायचं म्हनत हुती. पोरीला घेऊन. लेकराला घेऊन हिमायतनगरला जाते, म्हनून पिशवी भरून त्या आडव्या भिंतीच्या दारापोतूर आली. आजीनं आन आत्यानं धरून माघारी नेलं. आजी म्हनली, दोन घटका कोठीत बसीव हिला, डोस्कं थंड हुईल. आमच्याकडं तसंच करायचे, माज्या आईला बी कोंडलतं एकदा. भाईरून कडी घातली.”

“आणि औषध?”

“ते सकाळीच गड्यानं हितनं टाकलं हुतं, साण्यातनं. आन वाफ भाईर जाऊ नये म्हनून साण्यावर फरशी ठिवली. दादानं, म्हंजी माज्या बापानं, सांगितलं तसं. खाली बायकांना कुनी सांगितलंच न्हाई. सांगायची रीत नव्हती. वरचं पुरुषांचं, खालचं बायकांचं.”

“ओरडल्या नसतील त्या?”

“ओरडली असंल. ती रोजच ओरडायची.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “दुपारी दार उघडलं. मग दादानंच ठरीवलं, आतून कडी लावली म्हनायचं. काकाला बी तेच सांगितलं. काका मरेपोतूर तेच म्हनत गेला.”

मशीनचं पाणी ठिबकून माळवदाची माती ओली झाली होती. मी तिथे बोट लावलं, का ते माहीत नाही. पुस्तकात मी या योजनेला हुशारीची म्हटलं होतं.

“आता सारे गेले सर. आजी गेली, आत्या गेली, दादा गेला. ज्यांनी केलं त्यातलं कुनी न्हाई. हितं चाळीस मानसांच्या घरची चूल पेटती. लोक लगीन लावायला येतात. कोन येईल मग?” मग तो अगदी हळू आवाजात, भिडस्तपणे म्हणाला, “पुस्तकाचं मी दिवाळीच्या आत करून टाकतो. तुमी ते वाक्य तेवढं...”

म्हणजे ते वाक्य त्यालाही पाठ होतं.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. तसं म्हणायला जे लागतं ते माझ्यात नाही. मी म्हणालो, “शेवटची एसटी चुकेल.” त्याने जीप दिली आणि डब्यात शिरा दिला.

घरी आल्यावर आरतीने विचारलं, “होती?”

“नव्हती.”

शिऱ्याचा डबा तिने तसाच ओट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो. पहिले कागद फाडले. एकात मी वास्तुरचनेबद्दलच दोन परिच्छेद लिहून बसलो होतो. दुसऱ्यात ‘कदाचित’ इतक्या वेळा आला की काहीच सांगितल्यासारखं राहिलं नाही. एकात राजशेखरचं नाव गाळलं होतं. ते सोपं होतं, पण मग ती हे कुणाला विचारणार? शेवटी लिहिलं ते असं:

‘रेणुकाताई, उत्तराला फार उशीर झाला. क्षमा करा म्हणायचाही मला संकोच वाटतो.

पुस्तक लिहिलं तेव्हा मी ते दार आतल्या बाजूने पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. दोन्ही फळ्यांना हात लावून पाहिलं. आतून कडी नाही आणि कधीही नव्हती. दार फोडल्याची खूणही नाही. तुमच्या आईने आतून कडी लावली नाही. लावायला कडी नव्हती.

एवढं मी पाहिलेलं. पुढचं ऐकलेलं, तुमचे चुलतभाऊ राजशेखर यांच्या तोंडून. तुमची आई त्या दिवशी तुम्हाला बरोबर घेऊन माहेरी निघाली होती. पिशवी भरली होती. तिला अडवून कोठीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. कोठीत औषध आहे हे कडी लावणाऱ्या बायकांना ठाऊक नव्हतं, असं ते म्हणतात. ते खरं की नाही, हे मला सांगता येणार नाही. घराची रचना मात्र अशी आहे, की तसं होऊ शकतं.

दार आता तिथे जेवणाचं टेबल आहे. तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर मी बरोबर येईन. टेबलाखाली शिरावं लागतं.

ते वाक्य मी गमतीने लिहिलं होतं. तुम्हाला ते तसं वाचावं लागलं याचं मला वाईट वाटतं. पण ते मी काढणार नाही.

हे पत्र कुणालाही दाखवायला माझी हरकत नाही.’

खाली पूर्ण नाव लिहिलं, शेषेराव बिराजदार, आणि घरचा पत्ता. फोन नंबर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.

राजशेखरला फोन करून सांगावं असं मनात आलं. तो चांगला वागला होता माझ्याशी. त्याने मला खरं सांगितलं, ते मी सांगणार नाही या भरवशावर. मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. त्याच्याशी बोललो असतो तर पत्र गेलं नसतं, एवढं मी स्वतःला ओळखतो.

आरती बँकेत जाताना म्हणाली, “द्या, मी टाकते.”

“नको,” मी म्हणालो.

आमच्या चौकातली लाल पेटी औषधाच्या दुकानाच्या भिंतीला आहे. आता तिच्यात फारसं कुणी काही टाकत नाही. तोंडाशी कोळ्याने जाळं केलं होतं. मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. हिमायतनगर, जिल्हा नांदेड. पिशवी भरून ज्या गावाला निघाली होती ती बाई, ते गाव. पाकीट अर्धं आत गेलं तरी मी ते धरून उभा होतो. मागे एक माणूस सायकल लावायला जागा मागत होता.

“आजोबा, सरका की थोडं.”

मी हात सोडला आणि सरकलो. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाला पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.